चेहऱ्याची आग आणि हातातली ट्यूब



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते या गावाचे फॅमिली डॉक्टर होते. त्यांचे जुने पेशंट आजही आवर्जून सांगतात, की चिठ्ठी लिहिण्याआधी ते आजार समजावून सांगायचे आणि पेशंटला तो कळला आहे याची खात्री झाल्यावरच पेन उचलायचे. त्यांच्या नावानं बोलायचं, तर एखादा आजार नीट समजावून सांगावा, एवढंच माझ्या मनात आलं. त्यासाठी मी रोझेशिया हा चेहऱ्याच्या त्वचेचा आजार निवडला आहे.

यानं कोणी मरत नाही, म्हणून त्यावर व्याख्यानं होत नाहीत. पण लोकांसमोर आपण नेतो तो चेहराच. तो दिवसातून चारदा पेटत असेल, लग्नाकार्यात लोक टक लावून बघत असतील, 'चेहऱ्याला काय झालं?' हा प्रश्न रोज ऐकावा लागत असेल, तर माणूस हळूहळू घराबाहेर पडणं टाळायला लागतो. माझं सांगणं दोनच गोष्टींचं आहे. आपल्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर हा आजार डोळ्यांना उशिरा दिसतो. पेशंटच्या बोलण्यात तो आधी सापडतो. आणि त्याच्या उपचाराची सुरुवात चेहऱ्याला जे लावलं जातंय ते थांबवण्यापासून होते. पुढं जे बोलेन ते या दोन गोष्टींच्या आधारासाठी.

रोझेशिया हा दीर्घकाळ चालणारा, कमीजास्त होत राहणारा दाहाचा आजार. त्याची जागा ठरलेली: गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाचा मधला भाग. बहुतेकांना तिशीनंतर सुरू होतो. सुरुवातीला चेहरा अधूनमधून तापतो, लाल होतो आणि थोड्या वेळानं निवतो. पुढं ती लाली उतरेनाशी होते. गालांवर बारीक रक्तवाहिन्यांच्या रेघा दिसू लागतात. काहींना लाल पुटकुळ्या, पू धरलेले फोड येतात. काहींच्या, विशेषतः पुरुषांच्या, नाकाची त्वचा जाड आणि उंचसखल होते. आणि अनेकांचे डोळे चुरचुरतात. या खुणा एकाच माणसात एकत्र असू शकतात किंवा एखादीच असू शकते. 2002 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी या आजाराचे चार प्रकार पाडले होते. पण पेशंट अशा कप्प्यांत बसत नाहीत, हे लक्षात आल्यावर 2017 मध्ये ती पद्धत बदलली. आता समोरच्या माणसाला कोणती लक्षणं आहेत ते बघायचं आणि त्या लक्षणांवर उपचार करायचे, अशी रीत आहे.

हा आजार नवा नाही. 14 व्या शतकातल्या गी द शोलियाक या फ्रेंच शल्यचिकित्सकानं नाकागालांवरच्या लालीचं वर्णन करून ठेवलं आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात डोमेनिको गिर्लांदायो या इटालियन चित्रकाराचं 1490 च्या सुमाराचं एक चित्र आहे. एक म्हातारा आपल्या लहानग्या नातवाला जवळ घेऊन बसला आहे. म्हाताऱ्याचं नाक गाठीगाठींनी फुगलेलं आहे आणि चित्रकारानं ते जराही झाकलेलं नाही. नातू मात्र त्या नाकाकडे न बघता सरळ आजोबांच्या डोळ्यांत बघतो आहे. रोझेशियामुळं जाड झालेल्या नाकाचं इतकं नेमकं चित्रण वैद्यकीय पुस्तकांतही क्वचितच आढळतं.

पण या सगळ्या वर्णनांमुळं एक समज पक्का झाला, की हा गोऱ्या लोकांचा आजार. तोच आमच्या अभ्यासक्रमात आला. जगभरातल्या पाहण्या एकत्र करून 2018 मध्ये काढलेला अंदाज असा, की प्रौढांपैकी साधारण 5.5 टक्के लोकांना रोझेशिया असावा. यातल्या बहुतेक पाहण्या पाश्चात्त्य देशांतल्या. सावळ्या त्वचेच्या लोकांत तो कमी नोंदला जातो हे खरं, पण कमी नोंदला जाणं आणि कमी असणं यांत अंतर आहे. त्वचेचे सहा प्रकार सांगणारी जी फिट्झपॅट्रिक यांची मोजपट्टी आम्ही वापरतो, ती 1975 मध्ये गोऱ्या लोकांना अतिनील किरणांचा डोस किती द्यायचा हे ठरवण्यासाठी तयार झाली. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे प्रकार तिच्यात नंतर जोडले. लंडनमधल्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात शिकणाऱ्या मलोन मुकवेंडे या विद्यार्थ्याला तर आजारांच्या खुणा गडद त्वचेवर कशा दिसतात हे अभ्यासात कुठं सापडेचना. म्हणून 2020 मध्ये त्यानं आपल्या शिक्षकांना सोबत घेऊन त्या विषयावर पुस्तिकाच काढली. वैद्यकानं कोणाची त्वचा समोर ठेवून शिकवलं, याचा परिणाम थेट निदानावर होतो.

आपल्या त्वचेतल्या मेलॅनिनमुळं खालची लाली झाकली जाते. ती तपकिरी, जांभळट किंवा नुसती काळवंडल्यासारखी दिसते. मग घरचे म्हणतात, उन्हानं रापलाय. कोणी म्हणतं वांग आलाय, कोणी म्हणतं अंगात उष्णता वाढली, पोट साफ होत नसेल. पुटकुळ्या आल्या, की चाळिशीतल्या बाईलाही 'पिंपल्स' म्हणून औषध मिळतं.

माझ्याकडे येणाऱ्या अनेक जणींच्या हकिगती एकत्र करून एक चित्र तुमच्यापुढं ठेवते. एक बाई, वय पंचेचाळिशीच्या आतबाहेर. पोळी-भाजी केंद्र चालवतात. तक्रार एकच: पिंपल्स जात नाहीत. मी गाल जवळून बघते. मुरमांत हमखास दिसणारी काळ्या-पांढऱ्या टोकांची बोंडं एकही नाहीत. रंग थोडा काळपट, एवढंच.

मी विचारते, "ताई, चेहरा तापतो का?"

"तापतो की. तव्यापुढं उभी राहिले की गाल, कान, सगळं पेटतं. मला वाटलं, कामच तसलं आहे."

"साबण झोंबतो?"

"साबण राहू द्या मॅडम, साधी पावडर सहन होत नाही."

"डोळ्यांचं काय?"

"वाळू गेल्यासारखे खुपतात. रांजणवाडी तर सारखीच येते. पण त्याचं आणि ह्याचं काय?"

त्याचं आणि ह्याचं फार जवळचं नातं आहे, त्याकडे मी येणार आहे. या बोलण्यानंतर मी सूक्ष्मदर्शकाखाली वापरतात ती साधी काचपट्टी घेते आणि त्यांच्या गालावर हलकेच दाबते. दाबाखाली रक्त बाजूला सरतं आणि काचेखालची त्वचा एकदम फिकी पडते. काच उचलली, की दोन-तीन सेकंदांत रंग परत भरतो. जी काळपट छटा वाटत होती तिच्यात लाली मिसळलेली होती, हे तेव्हा कळतं. वांगाचा डाग असा दाबानं फिकटत नाही. मग डर्मोस्कोप नावाचं प्रकाश आणि भिंग असलेलं यंत्र लावलं, की रक्तवाहिन्यांची बारीक जाळी स्पष्ट दिसते. पण हे सगळं करावं असं मला सुचलं ते त्यांच्या 'पेटतं' या शब्दामुळं. ज्या डॉक्टरच्या बाहेर साठ पेशंट बसलेले असतात, त्याला हे तीन प्रश्न विचारायला एक मिनिट लागतं. ते मिनिट त्यानं काढलं पाहिजे.

निदान करताना आणखी काही आजार मनात ठेवावे लागतात. ल्युपसमध्येही गालांवर लाली येते, पण नाकाच्या बाजूनं ओठांकडे उतरणाऱ्या घड्या तिच्यातून बहुधा सुटतात आणि सोबत सांधेदुखी, तोंडात व्रण, केस गळणं, बारीक ताप असू शकतो. कोंड्याच्या आजारात भुवया आणि नाकाच्या कडांना तेलकट पापुद्रे सुटतात. आपल्याकडे चेहऱ्यावर टिकून राहिलेला चट्टा दिसला, तर कुष्ठरोग आणि त्वचेचा क्षयरोग यांचाही विचार करावाच लागतो. पाळी जाण्याच्या काळात येणाऱ्या गरम वाफांनीही चेहरा लाल होतो, पण ती वाफ छाती-मानेपर्यंत जाते आणि घाम फुटतो. म्हणून नुसता मोबाइलवर फोटो पाठवून निदान मागू नये.

आता त्वचेच्या आत काय चालतं ते पाहू. आपल्या त्वचेत जंतूंशी लढणारी काही प्रथिनं असतात. त्यांतलं एक म्हणजे कॅथेलिसिडिन. 2007 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं, की रोझेशियाच्या त्वचेत हे प्रथिन जास्त असतं आणि त्याचे तुकडे पाडणारं विकरही जास्त असतं. ते तुकडे रक्तवाहिन्या वाढवतात आणि दाह पेटवतात. म्हणजे संरक्षणाची यंत्रणा गरजेपेक्षा जास्त जागी झालेली असते.

तिला जागं ठेवणाऱ्यांपैकी एक आहे डेमोडेक्स हा किडा. मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाएवढा हा आठ पायांचा जीव जवळपास प्रत्येक प्रौढ माणसाच्या चेहऱ्यावर, केसांच्या मुळाशी राहतो. हे ऐकून कोणी चेहरा घासायला धावू नये. त्याचं असणं म्हणजे अस्वच्छता नाही. रोझेशियात त्याची संख्या पुष्कळ वाढलेली असते आणि त्वचा त्याला अवाजवी प्रतिक्रिया देते.

तिसरा धागा मज्जातंतूंचा. टीआरपीव्ही1 नावाचा एक ग्राही आपल्या मज्जातंतूंवर असतो. साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता त्याला जागं करते आणि मिरचीतलं कॅप्सेसिनही त्यालाच जागं करतं. डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 मध्ये तो शोधला आणि 2021 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. ठेचा खाल्ल्यावर तोंड भाजल्यासारखं होतं, कारण मेंदूकडे खरोखरच भाजल्याचा निरोप जातो. रोझेशियाच्या त्वचेत ही मज्जातंतूंची व्यवस्था हळवी झालेली असते. त्यामुळं ऊन, चूल, तिखट आणि मनस्ताप या चार वेगळ्या गोष्टी चेहऱ्यावर एकच परिणाम करतात.

म्हणून पेशंटचा पहिला प्रश्न असतो, 'मी काय खाऊ नये?' इथं फार काळजीपूर्वक बोललं पाहिजे, कारण पथ्याच्या नावाखाली आपल्याकडे बायकांच्या ताटातले पदार्थ एकेक करून काढून घेतले जातात. चहाचंच बघा. 1981 मध्ये जोनाथन विल्किन या अमेरिकन डॉक्टरांनी रोझेशियाच्या पेशंटवर एक साधा प्रयोग केला. 60 अंशांची गरम कॉफी प्यायल्यावर चेहरा लाल झाला. पण 60 अंशांचं नुसतं गरम पाणी प्यायल्यावरही झाला. तीच कॉफी 22 अंशांवर आणून दिली, तेव्हा झाला नाही. दोष कॉफीचा नव्हता, तिच्या तापमानाचा होता. पुढं अमेरिकेतल्या ऐंशी हजारांहून जास्त परिचारिकांच्या माहितीवरून 2018 मध्ये असंही दिसलं, की कॉफी पिणाऱ्यांत रोझेशिया उलट थोडा कमी आढळतो. तेव्हा चहा सोडू नका. तो निववून, कोमट करून प्या. बशीत ओतून पिण्याची आपली जुनी सवय या आजारात उपयोगाची आहे.

तिखटाचंही तसंच. सगळ्यांना ते बाधत नाही. एक वही करा. चेहरा ज्या दिवशी पेटला, त्या दिवशी आधीच्या काही तासांत काय खाल्लं, उन्हात किती होता, कोणाशी वाद झाला, कोणती गोळी घेतली, हे दोन ओळींत लिहा. महिन्याभरात प्रत्येकाला आपापलं कारण सापडतं. ज्याला तांबडा रस्सा बाधत नाही, त्यानं तो खुशाल खावा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी आणि नायसिन या जीवनसत्त्वानंही चेहरा लाल होतो. पण अशी गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना दाखवायची.

ऊन हे मात्र जवळपास सगळ्यांना लागू असलेलं कारण. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात शेतावर जाणाऱ्या बाईला 'उन्हात जाऊ नका' हा सल्ला देण्यात अर्थ नाही. तिला रुंद काठाची टोपी किंवा चेहऱ्यावर सावली पडेल असा पुढं ओढलेला रुमाल सांगावा, कामाची वेळ सकाळकडे सरकवता येईल का ते विचारावं. चुलीपुढं किंवा भट्टीपुढं काम करणाऱ्यांनी वाफ जाईल अशी हवा खेळती ठेवावी, पंखा बाजूनं लावावा, अधूनमधून गार पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं मानेला आणि चेहऱ्याला लावावं. बर्फ थेट चोळू नये.

आता मी पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या त्या बाईंच्या पर्सकडे वळते, कारण आजच्या बोलण्याचा गाभा तिथं आहे. 'आत्तापर्यंत काय लावलं?' असं विचारल्यावर त्या एक ट्यूब काढतात. शेपटापासून गुंडाळत आणलेली, अंगठ्यानं शेवटच्या थेंबापर्यंत पिळलेली, वरचं नाव घासून पुसट झालेलं. भिंगाखाली बारीक अक्षर वाचता येतं: बीटामेथासोन. "मेडिकलवाल्या दादांनी दिली. आठ दिवसांत चेहरा साफ झाला हो. बंद केली की परत येतं, म्हणून चालू ठेवली." किती दिवस? "दोन वर्षं झाली असतील."

त्वचेवर लावायचं स्टिरॉइड 1952 मध्ये आलं आणि त्यानं त्वचारोगांचा उपचारच बदलून टाकला. मी स्वतः ते रोज लिहून देते. योग्य आजाराला, योग्य जागी, मोजक्या दिवसांसाठी ते फार गुणकारी आहे. पण चेहऱ्यावर तीव्र स्टिरॉइड महिनोन्महिने लावलं, तर त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या कायमच्या रुंदावतात, गालांवर लव वाढते, पुटकुळ्या येतात आणि चेहरा लालभडक, हुळहुळा होतो. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं म्हणून लावल्यावर लाली जाते. थांबवलं, की त्या आधीपेक्षा जास्त फुलतात. ती आग सहन होत नाही म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. इयान स्नेडन या ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञांनी 1969 मध्येच लिहिलं होतं, की ही मलमं रोझेशिया बिघडवतात. म्हणजे धोका कळून पन्नासपेक्षा जास्त वर्षं झाली.

आपल्या देशातलं चित्र भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनीच मांडलं. 2011 मध्ये 12 केंद्रांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 जणांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. त्यांतल्या दहापैकी जवळपास सहा जणांना ते डॉक्टरनं सांगितलेलंच नव्हतं; दुकानदार, मैत्रीण, नातेवाईक, पार्लर यांच्याकडून ते आलं होतं. कोणी मुरमांसाठी लावत होतं, कोणी गोरं होण्यासाठी. वांगावर देतात त्या मिश्रणातही स्टिरॉइड असतं. ते अनेक घरांत रोजची फेअरनेस क्रीम म्हणून वापरलं जातं. लग्न ठरेपर्यंत मुलीचा रंग उजळला पाहिजे, या हट्टापायी किती चेहरे भाजले, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. मला त्याचा मनापासून राग येतो. सावळा रंग हा आजार नाही, आणि त्याच्यावर केलेल्या 'उपचारा'नं खरा आजार जडतो.

त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं अनेक वर्षं पाठपुरावा केल्यावर 2018 मध्ये केंद्र सरकारनं 14 स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये आणली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम झाला, ही मोठी गोष्ट झाली. पण दुकानाच्या काउंटरवर तो पाळला जातो का, हे तुम्ही-आम्हीच बघायचं आहे.

अशी ट्यूब जे वापरत असतील त्यांनी घाबरून उद्या सकाळी ती फेकून देऊ नये. अचानक थांबवल्यावर काही दिवसांत चेहरा सुजतो, आग होते, पुटकुळ्यांचं पीक येतं. त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली कधी लगेच, कधी टप्प्याटप्प्यानं, सौम्य औषधांच्या आधारानं ती बंद करतात. पूर्ववत व्हायला आठवडे, काही वेळा महिने लागतात. त्या काळात पेशंटपेक्षा घरच्यांचा धीर आधी सुटतो. 'औषधानं वाढलंच की' म्हणत ते जुनी ट्यूब पुन्हा हातात देतात. म्हणून मी पहिल्या भेटीत पेशंटसोबत घरातल्या एकाला तरी आत बोलावते आणि सांगते: सुरुवातीला वाढेल, आणि ते अपेक्षित आहे.

रोझेशियाचा रोजचा उपचार साधा आहे. सौम्य, फेस कमी देणाऱ्या क्लीन्झरनं दिवसातून दोनदा, कोमट पाण्यानं चेहरा धुवावा. टिपून कोरडा करावा, घासू नये. साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर लावावं. सकाळी किमान 30 एसपीएफचं सनस्क्रीन. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं सहसा कमी झोंबतं. तर्जनी आणि मधलं बोट भरून दोन रेघा, एवढं ते चेहऱ्यामानेला लागतं. आणि या आजारात लिंबू, बेसन, मुलतानी माती, टूथपेस्ट, वाफ, ब्लीच आणि स्क्रब चेहऱ्यापासून दूर ठेवावेत. दिवाळीचं उटणं अंगाला लावावं, चेहऱ्याला नाही.

पुटकुळ्यांसाठी मेट्रोनिडाझोल, अझेलाइक ॲसिड आणि आयव्हरमेक्टिन ही लावण्याची औषधं आहेत. अझेलाइक ॲसिडचा आपल्या त्वचेला आणखी एक फायदा, की पुटकुळी बसल्यावर मागं राहणारा काळा डागही त्यानं फिकटतो. 1 टक्का आयव्हरमेक्टिनची मेट्रोनिडाझोलशी तुलना 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. 16 आठवड्यांनी आयव्हरमेक्टिन लावणाऱ्यांच्या पुटकुळ्या 83 टक्क्यांनी कमी झाल्या होत्या, मेट्रोनिडाझोल लावणाऱ्यांच्या सुमारे 74 टक्क्यांनी. त्या आकड्यांइतकेच 16 आठवडे लक्षात ठेवा. आठ दिवसांत उतारा पडत नाही म्हणून चांगलं औषध सोडून देणारे पेशंट खूप आहेत. दाह जास्त असेल तर डॉक्सिसायक्लिन पोटात देतात, तेही 40 मिलिग्रॅमसारख्या कमी मात्रेत, कारण इथं जंतू मारायचे नसून दाह शमवायचा असतो. गरोदरपणात ते चालत नाही, म्हणून दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर आधी सांगावं.

नुसती लाली काही तासांपुरती उतरवणारी जेलही मिळतात, पण काहींची लाली ओसरल्यावर दुपटीनं उसळते. टिकून राहिलेल्या रक्तवाहिन्यांसाठी लेझर चांगला. मात्र सावळ्या त्वचेवर चुकीचा लेझर भाजतो आणि डाग पाडतो. आपल्या त्वचेचा अनुभव असलेल्या हातातच तो द्यावा. जाड झालेलं नाक शस्त्रक्रियेनं किंवा लेझरनं पुन्हा आकारात आणता येतं, हे फार थोड्या लोकांना माहीत आहे.

डोळ्यांची गोष्ट राहिली होती. पापण्यांच्या कडेला तेल सोडणाऱ्या ग्रंथी असतात. रोझेशियात त्या तुंबतात. मग डोळे कोरडे पडतात, खुपतात, कडा लाल होतात आणि रांजणवाड्या येत राहतात. काही वेळा त्वचेवर काही दिसण्याआधीच डोळ्यांत सुरुवात होते. मिटलेल्या पापण्यांवर कोमट पाण्याच्या घड्या ठेवणं आणि कडा स्वच्छ करणं यानं पुष्कळ आराम पडतो. पण उजेड सहन होईना, डोळा दुखू लागला किंवा अंधुक दिसू लागलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावं. बुबुळावर व्रण पडला तर नजर कायमची अधू होऊ शकते.

आणखी एका अन्यायाबद्दल बोललं पाहिजे. लाल, फुगलेलं नाक दिसलं की लोक म्हणतात, हा पिणारा आहे. दारूनं अनेकांचा चेहरा लाल होतो हे खरं, आणि असलेला रोझेशिया तिनं भडकतोही. पण आयुष्यात थेंबभर न घेतलेल्या माणसालाही हा आजार होतो. अमेरिकेतले बडे बँकर जे. पी. मॉर्गन यांचं नाक या आजारानं विद्रूप झालं होतं. फोटो काढून घेणं त्यांना आवडत नसे आणि त्यांच्या छायाचित्रांतलं नाक हातानं दुरुस्त केलं जाई. ज्याच्यापुढं सरकारं झुकत, त्याची ही अवस्था. मग एखाद्या एसटी ड्रायव्हरला, एखाद्या शिक्षकाला, 'गुरुजी घेतात वाटतं' ही कुजबुज रोज ऐकताना काय वाटत असेल? या आजारात नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात. चेहऱ्यावरचा आजार बघताना त्या माणसाला झोप लागते का, तो लोकांत मिसळतो का, हे विचारणं उपचाराचाच भाग आहे.

रोझेशिया मुळापासून जातो, असं मी सांगणार नाही. तसं सांगणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. पण तो ताब्यात राहतो, आणि चांगला राहतो. मधुमेहाचे, दम्याचे पेशंट आपापला आजार ओळखून नीट जगतात, तसंच इथंही आहे. त्यासाठी प्रत्येकानं आपल्या वाट्याचं काम केलं पाहिजे. औषधविक्रेत्या बंधूंना माझी विनंती आहे, की चेहऱ्याला लावायला ट्यूब मागणाऱ्या माणसाकडे आधी चिठ्ठी मागा. दहा रुपयांचं गिऱ्हाईक गेलं तरी एक चेहरा वाचेल. माझ्या व्यवसायातल्या मित्रांनी सावळ्या गालावर लाली दिसण्याची वाट पाहू नये, आधी 'तापतो का, झोंबतं का, डोळे खुपतात का' हे विचारावं. वैद्यकीय महाविद्यालयांनी आपल्याच पेशंटच्या, त्यांच्या संमतीनं काढलेल्या छायाचित्रांवरून शिकवावं. आणि तुम्ही सगळ्यांनी आज घरी गेल्यावर आपल्या कपाटातल्या, पर्समधल्या, आरशामागच्या ट्यूब बाहेर काढाव्यात आणि त्यांवरचं बारीक अक्षर वाचावं. नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'सोल' दिसलं, उदाहरणार्थ बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, तर ती चेहऱ्याला लावायला कोणी सांगितली होती आणि किती दिवसांसाठी, हे आठवून बघावं. उत्तर सापडलं नाही, तर ती ट्यूब घेऊनच डॉक्टरांकडे जावं.

 आता कोणाला स्वतःच्या चेहऱ्याबद्दल काही विचारायचं असेल आणि चारचौघांत संकोच वाटत असेल, तर मी व्यासपीठाच्या मागच्या खोलीत बसते आहे. सावकाश या, घाई नाही.